पोटाखालचा दिवा

पूर्वी शूर्पारक नगरीत समुद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या बंदरापुढच्या खोल समुद्रात वीतभर मुशीच्या रूपाने जन्मले. मुशी म्हणजे शार्क, नाव ऐकताच आपल्याला दात आठवतात. या मुशींचे नवल मात्र वेगळेच होते. त्यांच्या पोटाला मंद उजेड असे. वरून झिरपणाऱ्या उजेडात तो असा मिसळून जाई, की खालून पाहणाऱ्या मोठ्या माशाला त्यांची सावलीच दिसत नसे.

आता स्वतःचे पोट कुणाला दिसते? म्हणून सांजवेळी जवळा खायला वर जाण्याआधी नीलाक्षी नावाची म्हातारी मुशी खाली थांबून एकेकीला निरखी. जिची सावली दिसे तिने वर यायचे नाही, असा कळपाचा रिवाज होता. तळाशी खायला काहीच नव्हते. मागे राहिलेलीचे पुढे काय होते, हे कुणी विचारीत नसे. बोधिसत्त्वांना मात्र ते कुतूहल सतावी.

एके दिवशी खुद्द नीलाक्षीचाच उजेड विझला.

कळपाचा नायक कंटक म्हणाला, "आजी, रिवाज तुम्हीच शिकवलात. आता खालीच थांबा."

"थांबते बाबा," ती म्हणाली. उपाशी मरायचे भय तिच्या आवाजात होते.

बोधिसत्त्व म्हणाले, "आजी, मी तुमच्या पोटाखालून पोहतो. माझा दिवा दोघांना पुरतो का, बघू या."

"वेडा की काय! मोठा मासा आला तर पहिला घास तुझाच," कंटक ओरडला.

"असेल. पण हा दिवा मला कधी दिसत नाही. तो कुणाच्या उपयोगी पडतो, एवढे तरी पाहू दे."

दोघे वर निघाले. नीलाक्षी लांबीने दुप्पट, त्यामुळे तिची शेपटी उघडी राहिली. ती हलताना पाहून होडीएवढा मासा जबडा वासून वर येऊ लागला. कळप पांगला. बोधिसत्त्वांना फार भीती वाटली, पण ते म्हातारीखालून हलले नाहीत. ते पाहून कंटकाला राहवेना. तो मागे फिरला आणि शेपटीखाली जाऊन थांबला. माशाने वर पाहिले, तर नुसती संध्याकाळ! बिचारा तोंड मिटून परत गेला.

त्या दिवशी नीलाक्षीने पोटभर जवळा खाल्ला. पुढे दिवा विझलेली कुणीही मुशी तळाशी राहिली नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, नीलाक्षी म्हणजे हे अंध स्थविर, तुमच्यातले वृद्ध भिक्षू. चालायला उशीर लावतात म्हणून आज तुम्ही त्यांना विहारात उपाशी ठेवून भिक्षेला गेलात. तो कळप तुम्हीच. कंटक म्हणजे तुमच्यापुढे चालणारा हा धर्मिल. वीतभर मुशी मी होतो."

धर्मिल उठला. त्याने आपले भरलेले पात्र स्थविरांच्या हाती दिले आणि विचारले, "भन्ते, उद्या माझा खांदा धराल?"

शास्ते म्हणाले, "ही करुणा."