मोळीतला काडीकिडा

एका डोंगराच्या उतारावर, घाणेरीच्या वाळक्या झुडपात, एक काडीकिडा राहायचा. अंग काडीसारखं, पाय काडीसारखे, आणि ऐट मात्र गावच्या पाटलाची! त्याच झुडपाखाली गवतात एक नाकतोडा असायचा. त्याला घटकाभर चैन नाही. इकडे टुणकन, तिकडे टुणकन.

"अरे, जरा स्थिर बस," काडीकिडा त्याला बोलायचा. "कालच कोतवाल पक्षी माझ्या शेजारी बसून गेला. मी हललो नाही, म्हणून फसला. हलला तो संपला, लक्षात ठेव."

"खरंय दादा," नाकतोडा म्हणायचा आणि बोलता बोलताच उडी मारायचा.

एके दिवशी लाकडं वेचायला एक बाई आली. कोयत्याने कडाकड फांद्या तोडू लागली. नाकतोड्याने लांब उडी घेतली आणि तो ओरडला, "दादा, पळ! मोळी बांधतेय ती!"

काडीकिडा कसला पळतोय! पळाला असता, तर जन्मभराची विद्या पाण्यात गेली नसती का? बाईने त्याच्यासकट फांदी उचलली, मोळीत कोंबली, दोर आवळला आणि ती घराकडे निघाली.

नाकतोडा बिचारा मागोमाग गेला. अंगणात कोंबड्या होत्या. एकीची चोच त्याला लागता लागता राहिली. जीव मुठीत धरून तो परसाकडच्या खिडकीत पोहोचला, तर बाई एकेक फांदी चुलीत सारत होती.

"दादा, हल!"

"बाईला कळलं तर?"

"कळू दे ना! कळावं म्हणूनच सांगतोय!"

तेवढ्यात बाईने त्याचीच फांदी उचलली. फांदीचं टोक पेटलं. काडीकिड्याची मिशी करपली, तरी हा गप्पच! नाकतोड्याला रडू कोसळलं. "अरे मूर्खा, हल रे!"

जाळ पायाशी आला, तेव्हा कुठे काडीकिड्याने सगळे पाय एकदम झाडले.

"अगं बाई! काडीला पाय फुटले!" बाई किंचाळली आणि तिने फांदी खिडकीबाहेर भिरकावली.

काडीकिडा परसात जाऊन पडला. त्याचा एक पाय जळून गेला होता. नाकतोडा उड्या मारत त्याच्याजवळ आला.

"सगळ्यांदेखत हललो रे," काडीकिडा पुटपुटला. "शरमेनं मेलो."

"खरंच मेला असतास, तर शरम कुणाला वाटली असती?" नाकतोडा म्हणाला.

मुलांनो, तात्पर्य एवढंच: ज्या गुणाने शंभरदा जीव वाचवला, तोच गुण एखादे वेळी जीव घ्यायला उठतो, तेव्हा तो सोडायची लाज वाटू देऊ नये.