नदी उतरायची काठी

वर्तमानपत्रं निघायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. एका नदीच्या दोन तीरांवर दोन गावं होती. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आणलेल्या. पूल नव्हता. नदी उतरताना पाण्याचा अंदाज घ्यायला जो तो हातात काठी धरायचा.

अलीकडच्या गावात एक दवंडीवाला होता. रोज संध्याकाळी चावडीपुढे हलगी वाजवून तो बातम्या सांगे. कुणाची गाय हरवली, कुणाकडे बारसं आहे. लोक जांभया देत ऐकत आणि निघून जात. बिचाऱ्याच्या ते मनाला फार लागे.

एकदा पाणवठ्यावर दोन्ही गावच्या गुराख्यांत बाचाबाची झाली आणि एकाचं कोपर खरचटलं. दवंडीवाल्याने त्या कोपराचं डोकं केलं आणि रक्ताचे पाट वाहवले. बाया चुलीवरची भाकरी टाकून ऐकायला धावल्या! गडी खुलला. मग रोज तेच. एक दिवस भांडण सापडेना, तेव्हा त्याने हाळी दिली, "ऐका हो ऐका! पलीकडचे काठ्या घेऊन नदी उतरतायत!"

आता यात खोटं काय होतं? एक अक्षरही नाही.

बायको म्हणाली, "अहो, आपली लेक पलीकडे नांदतेय. दिवस भरलेत तिचे. जरा जपून बोला."

"अगं, लोकांना हेच ऐकायचं असतं. मी नुसता सांगतो."

चार-दोन दिवसांनी त्याचा जावई मुलगा झाल्याची साखर घेऊन नदी उतरला. काठावरच्या माणसांना फक्त त्याच्या हातातली काठी दिसली. "आले, आले!" म्हणत त्यांनी त्याला झोडपून काढलं. साखर चिखलात सांडली. जावई वाचला, पण एक हात कायमचा अधू झाला.

दवंडीवाला चावडीपुढे उभा राहिला.

"ऐका हो! तो माझा जावई. साखर घेऊन आला होता. त्याला मी मारलं, या माझ्या तोंडाने मारलं."

गर्दीतून एकजण म्हणाला, "ते राहू दे. पलीकडचे बदला घ्यायला कधी येणार, ते सांग की!"

दवंडीवाल्याने हलगी उचलली आणि तो घरी गेला.

त्यानंतर तो फक्त खरं आणि पुरतं सांगू लागला, पण ऐकायला थांबतो कोण? पलीकडच्यांनीही आपला काठ अडवून धरला. आजोबांनी नातवाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा पोरगं त्याच नदीत पोहायला शिकलं होतं.

लहानथोरांनो, भांडण चवीने सांगणारा आणि चवीने ऐकणारा, दोघांचेही हात त्या मारामारीत असतात.