गाडी डावीकडे ओढते

सभापती रणधीर जगदाळ्यांच्या गाडीने रस्त्याच्या डाव्या कडेला बसलेल्या शेवंता भाजीवालीला चिरडलं. तिला स्मशानात पोचवून लोक परततात तोच सभापती हवालदाराला घेऊन त्याच गाडीतून समोरच्या गॅरेजात हजर.

"मी गाडीची उंची कमी करून घेतली, तेव्हा चाकं सरळ रेषेत आणायचं कॅम्बर-अलाइनमेंट या यासीननंच केलं. चाकं वाकडी ठेवली, म्हणून गाडी आपोआप डावीकडे ओढली. घाला बेड्या याला!"

यासीन मिस्त्रीने हवालदाराकडे पाहिलं. सभापतींपुढे हवालदाराची काय बिशाद! पण शेवंताचं भाजी मांडायचं रिकामं पोतं अजून त्या डाव्या कडेलाच पडलेलं त्याला दिसलं.

"मान्य," तो म्हणाला. "पण अलाइनमेंट तपासायची तर स्टिअरिंग सोडून गाडी चालवायची, ही आमची रीत. मी त्याच दिशेने तशीच आणतो. डावीकडे ओढते ना? मग तुम्ही बिनघोर रस्त्याच्या मधोमध उभे राहा."

गर्दीदेखत माघार कशी घेणार? सभापती उभे राहिले. गाडी निघाली. यासीनने दोन्ही हात खिडकीबाहेर काढले. गाडी नाकासमोर येत राहिली, तशी सभापतींनी कडेला उडी घेतली.

यासीनने करकचून ब्रेक दाबला.

"सभापती, गाडी डावीकडे येणार होती ना? मग जीव वाचवायला गाडीच्या डावीकडेच कसे पळालात?"

सभापतींनी खाली पाहिलं. ते शेवंताच्या पोत्यावर उभे होते.