घुशीच्या घरी उंदराचं माप

एका जंगलाच्या कडेला, जोंधळ्याच्या शेताला लागून, एक घूस राहत असे. घर ऐसपैस, कोठार शिगोशीग, पिल्लं गुबगुबीत. तिच्याकडे जेवायला गेलेला पाहुणा पोटावरून हात फिरवतच बाहेर पडे आणि जाताना "वा, काय हाताला चव आहे!" असं म्हणे. हे ऐकायला घुशीला फार आवडायचं. इतकं, की एखादा म्हणायचं विसरलाच तर ती त्याला दारात अडवून आठवण करून देई.

तिच्या शेजारच्या बिळात एक उंदरीण राहत होती. त्या वर्षी पीक असं आलं होतं, की घरोघरी अन्न उष्टं टाकलं जायचं आणि बिळांबाहेर पडून आंबायचं. ते बघून उंदरिणीला आपली आजी आठवली. आजीच्या काळी काळतोंड्या आणि तांबड्या माकडांची मोठी लढाई जुंपली होती. झाडं ओरबाडली गेली, शेतं तुडवली गेली, तेव्हा जंगलातल्या जाणत्यांनी ठरवून दिलं, की ज्यानं त्यानं मापानं खायचं. उंदरीण आपल्या पिल्लांना म्हणाली, "बाळांनो, तुमची पणजी त्या दिवसांत कशी राहिली असेल, ते आपणही थोडे दिवस करून बघू या का?" पिल्लांना काय, खेळच मिळाला! आजीचं जुनं माप फळीवरून खाली आलं. माप म्हणजे रिठ्याचं अर्धं टरफल. मग दोडक्याच्या शिरांची चटणी झाली, भोपळ्याच्या सालींची भाजी झाली, शिळ्या भाकरीचा कुस्करा झाला, आणि जे चिंचोके पिल्लं फेकून द्यायची तेच भाजून मिटक्या मारत खाल्ले गेले.

आता त्या जंगलात एक साळुंकी होती, आणि तिच्या पोटात तीळ भिजत नसे, हे तुम्हाला सांगायला नकोच. ती उंदरिणीकडे शिरांची चटणी चाखून आली आणि झाडाझाडावर बसून सांगत सुटली, "कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ना, ते उंदरिणीकडून शिकावं! सुगरण असावी तर अशी!"

झालं! घुशीच्या अंगाचा तिळपापड झाला. "सुगरण? ती? इतकी वर्षं पंगती मी उठवल्या, आणि कौतुक कुणाचं, तर सालीटरफलं शिजवणारीचं?" त्या दिवशी तिला घास गिळवेना. उंदरिणीच्या बिळातून फोडणीचा वास आला तरी तिच्या पोटात दुखे, आणि पिल्लांचं हसणं ऐकू आलं तर त्याहून जास्त दुखे. शेवटी ती उठली, जिभेवर साखर पेरली आणि शेजारी गेली. "अगं, तुझं ते माप दे बघू जरा. आम्हीही करून बघतो म्हटलं."

उंदरिणीला आनंदच झाला. तिनं तसलंच दुसरं टरफल काढून दिलं आणि म्हणाली, "पण हे बघ, आजी काय सांगायची, की मापाआधी..."

"कळतं हो मला! मी काय काल चूल मांडली?" असं म्हणून घूस माप घेऊन चालती झाली. पुढचं ऐकायला थांबते कशाला!

घरी येऊन तिनं आपली रोजची करवंटी उलटी घातली आणि त्या टरफलानं वाढायला घेतलं. मुलांनो, उंदराचं पोट केवढं आणि घुशीचं केवढं! पण तिचं ध्यान पोटाकडे होतंच कुठं? उंदरीण काठोकाठ भरते काय, मग मी काठाच्या खाली भरीन, म्हणजे माझीच काटकसर मोठी! जेवण ती मुद्दाम दारात वाढायची, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावं म्हणून. आत कोठार भरलेलं, आणि त्याच्या तोंडाशी दगड लावलेला.

सगळ्यांत धाकटं पिल्लू रिकामं माप चाटून म्हणालं, "आई, अजून दे ना."

"लढाईच्या दिवसांत कुणी दुसऱ्यांदा मागत नसे!" घूस डाफरली.

"पण आई, लढाई कुठं आहे?"

"गप्प बस! शेजारची मागतात का बघ!"

शेजारची कशाला मागतील, त्यांचं तर पोट भरत होतं. घुशीची पिल्लं मात्र सुकत चालली. धाकट्याच्या बरगड्या दिसू लागल्या, ते खेळेनासं झालं, भिंतीला टेकून बसून राहू लागलं. घुशीला ते दिसत नव्हतं असं नाही. आईच ती, आतून गलबलायची. दोनदा तिनं दगडाला हात लावला. पण तेवढ्यात शेजारून फोडणीचा वास आला, आणि हात मागं आला. ती स्वतःही अर्धपोटीच राही. पण तिला लोक काय म्हणतील याचीच भूक लागली होती, पोटाची नव्हे.

आणि एके दिवशी दुपारी साळुंकी वरच्या फांदीवरून ओरडली, "घुशीनं तर उंदरिणीवर ताण केली गं बाई! निम्म्या मापात घर चालवते!"

घुशीला आकाश ठेंगणं झालं. हे उंदरिणीच्या तोंडावर सांगितल्याशिवाय तिला कसलं चैन पडतंय! ती तरातरा शेजारी गेली. उंदरिणीच्या दारात, करंजाच्या सावलीत, पंगत बसली होती. एका बाजूला उंदरिणीची पिल्लं, आणि दुसऱ्या बाजूला... घुशीची! समोर भाकरीचा कुस्करा, वर चटणी. धाकट्याचे दोन्ही गाल भरलेले होते.

आईला बघताच धाकट्यानं तोंडातला घास घाईघाईनं पानावर काढून ठेवला आणि ते म्हणालं, "आई, मी नाही खाल्लं! खरंच नाही खाल्लं!"

घूस होती तिथं मटकन खाली बसली. ती म्हणाली, "तू माझ्या पोरांना कुठून गं वाढलंस? तुझं तर सगळं मापाचं."

"आजी तेच तर सांगायची, तू ऐकून घेतलं नाहीस," उंदरीण हळूच म्हणाली. "मापाआधी पोट बघायचं. ज्याचं पोट मोठं, त्याला जास्त मापं. सगळ्यांत लहान आधी जेवणार. आणि रोज शिजवण्याआधी मूठभर बाजूला ठेवायचं, दारात कुणी भुकेलं आलं तर असावं म्हणून. ही तुझी पोरं आली, मी वाढलं. तुला सांगणारच होते, पण तुझ्यापुढं तोंड उघडायची सोय कुठं होती?"

घुशीच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पानावरचा घास उचलला आणि धाकट्याच्या तोंडाशी धरला. ते आधी तिच्या तोंडाकडे बघत राहिलं, आणि मग त्यानं तोंड उघडलं. "जळत होते गं मी तुझ्यावर," घूस म्हणाली. "तुला हरवायला निघाले आणि माझीच पोरं उपाशी मारली."

फांदीवर साळुंकी बसलेलीच होती. "काय झालं गं घुशी? काय सांगू जंगलात?"

"सांग," डोळे पुसत घूस म्हणाली. "भरल्या कोठाराच्या घुशीची पोरं शेजारणीच्या दारात जेवली, असं सांग." आणि पिल्लांना घेऊन ती घरी गेली. आधी दगड बाजूला केला, मग करवंटी सुलटी मांडली.

तात्पर्य : काटकसर घरातल्या पोटांकडे बघून करावी, शेजारणीकडे बघून केली, तर ती नुसती उपासमार होते.