सनईवाल्याचा खून आणि दोन न्यायाधीश

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात दोन न्यायाधीश होते, एक खालचा आणि एक वरचा. खालच्याने फाशी सुनावली, तरी लगेच कुणाला फासावर चढवत नसत. वरच्याने खटला पुन्हा ऐकायचा आणि आरोपीच्या डोळ्यांत बघून, सगळ्यांसमोर, निकालाचं कारण सांगायचं, अशी तिथली रीत होती.

खालचा न्यायाधीश तरुण होता. लोक त्याचे गोडवे गात आणि वरचा म्हातारा मनातल्या मनात जळे. वय झालं की मत्सर कमी होतो म्हणतात. कसला कमी होतो! लोणच्यासारखा मुरतो.

एकदा एका संबळवाल्याला फाशी झाली. त्याचा धाकटा भाऊ सनई वाजवी. लग्नाकार्यात जो तो सनईचंच कौतुक करी, संबळाकडे कुणी बघतही नसे. एके दिवशी थोरल्याने धाकट्याला विहिरीत ढकललं. गाव खवळलं. तरुण न्यायाधीशाने पहिल्याच सुनावणीत फाशी दिली आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

खटला वर आला तसा म्हातारा हरखला. ‘फाशी रद्दच करतो, मग बघू याचा तोरा!’ खटला त्याने धड ऐकलासुद्धा नाही.

निकालाच्या दिवशी त्याने आरोपीच्या डोळ्यांत बघितलं, कारण सांगायला तोंड उघडलं आणि तो अडला. खरं कारण सांगण्याजोगं नव्हतं. वेळ काढायला त्याने विचारलं, “भावाला का मारलंस रे?”

“त्याचं कौतुक सोसवेना, महाराज. ढकललं आणि मागोमाग मीच उडी टाकली. पण हाती लागला तो मेलेला. मग मीच पाटलाकडे गेलो.”

म्हातारा खाली बसला. त्याला स्वतःची लाज वाटली.

“लोकहो,” तो म्हणाला, “मी फाशी रद्द करणार होतो, ती खालच्या न्यायाधीशाचं नाक कापायला. याच्या पोटात होतं तेच माझ्याही पोटात आहे. हा खटला मी पुन्हा पहिल्यापासून ऐकतो.”

त्याने तो ऐकला. खून खराच होता. पण मागोमाग टाकलेली उडीही खरी होती, आणि लोकांच्या आरड्याओरड्यात तिचा विचारच झाला नव्हता. फाशीची जन्मठेप झाली. या वेळी कारण सांगताना म्हाताऱ्याची नजर ढळली नाही.

जीव वाचला तरी संबळवाला हसला नाही.

“महाराज, तुम्ही तुमची जळजळ वेळेवर बोललात,” तो म्हणाला. “मीही कुणापाशी बोललो असतो, तर धाकटा आज असता.”

तात्पर्य: मत्सर बोलून टाकला तर फार तर अब्रू जाते, मनात ठेवला तर जीव जातो.