चार बैली लॅपटॉप

एका गावात एक भोळा भाऊ राहत होता. नाव महिपती. गाव त्याला भोळा म्हणायचं, कारण त्याच्या वडिलांना, अण्णांना, गावात मान होता. मान नसता तर गावाकडे दुसरे शब्दही होते.

महिपतीला धाकटी बहीण होती, रेवती. कॉम्प्युटरवरचा लढाईचा गेम ती असा खेळायची की समोरचा मेला तरी त्याला कळायला वेळ लागायचा. तालुक्याला त्या गेमची स्पर्धा होती आणि रेवती फायनलला पोचली होती. जिंकली तर पुण्याच्या संघात जागा. नाही तर अण्णांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलाचं सिमेंटचं दुकान होतं आणि रेवतीला तो पोत्यासकट नको होता.

नेमका तेव्हाच तिचा जुना लॅपटॉप जळाला. नवा घ्यायला अण्णा तयार झाले. पण रेवतीला दुकानात पाठवायला नाही.

"एवढा मोठा व्यवहार. घरातला पुरुष जाईल," अण्णा म्हणाले. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत होते. राहिला महिपती.

रेवतीनं त्याला समोर बसवलं. "दादा, नीट ऐक. ड्युअल कोअर म्हणजे आत कामाला दोघं. क्वाड कोअर म्हणजे चौघं."

"बैलावाणी?"

रेवतीनं विचार केला, आणि नको ते बोलून बसली. "हां, बैलच समज. कुळवाला दोन बैल पुरतात. खोल नांगरटीला चार लागतात. माझा गेम म्हणजे नांगरट. दोनात भागत नाही, चार लागतात."

"चार. ध्यानात ठेवतो," महिपती म्हणाला.

तालुक्याच्या दुकानात शेठकडे ड्युअल कोअरचे लॅपटॉप धूळ खात पडले होते.

"ह्यात किती?" महिपतीनं विचारलं.

"दोन."

"आन् त्यात?"

"त्यातही दोनच."

महिपतीनं बोटं मोजली. त्याचा चेहरा खुलला. शेठचा त्याहून जास्त खुलला.

संध्याकाळी महिपती घरी आला तो दोन लॅपटॉप घेऊन. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर आडवी काठी सुतळीनं बांधलेली. "दोन जोड्या आणल्या. जूसुद्धा बांधलंय. कर नांगरट."

रेवतीनं कपाळाला हात लावला. "अरे दादा, चारही एका छपराखाली हवेत! त्याशिवाय त्यांचं एकमेकांशी जमत नाही."

"मग आधी सांगायचंस. आता ध्यानात ठेवतो."

परत करायला रेवती निघाली होती. पण मोठा व्यवहार. घरातला पुरुषच गेला.

शेठनं तोंड वाकडं करून बदलून दिला. या खेपेला महिपतीनं खरंच क्वाड कोअर आणला, छातीशी धरून, लेकराला आणावं तसा. रेवतीला इतका आनंद झाला की तिनं त्याला चहा करून दिला. मग तिनं पिशवी उलटी करून झटकली.

"दादा, वायर कुठाय?"

"दावं व्हय? शेठला परत दिलं."

"परत?"

"जनावर इकणारा दावं कधी देतो का? दावं मालकाचं. शेठ साधा माणूस, देत हुता. पण आपल्याला रीत कळती ना!"

"अरे, दावं नाही ते, वैरण आहे त्याची! खाल्ल्याशिवाय काम कसं करेल तो?"

"आत्ता कळलं. ध्यानात ठेवतो."

पुन्हा घरातला पुरुष गेला आणि वायर घेऊन आला. शेठनं त्याला दारातच ती दिली, आत येऊ दिलं नाही.

मग रेवती खेळली. लॅपटॉप मस्त चालला आणि चालता चालता तापला. महिपती हात लावून घाबरला. रेवती म्हणाली, "दमलाय. गार होऊ दे जरा. कामाच्या जनावरासारखं जपावं लागतं याला." आपण पुन्हा काय बोललो, हे तिच्या लक्षात आलं नाही. लढाईत इतकी हुशार पोरगी, पण घरात सारखी बेसावध.

फायनलच्या आदल्या दिवशी पोळा होता. रेवती पुरण वाटत होती. फायनल आहे म्हणून पुरण काही आपोआप वाटलं जात नाही, आणि घरातल्या पुरुषानं ते वाटावं एवढा मोठा व्यवहार तो नव्हता. महिपती हरण्या आणि चांद्या या बैलांना ओढ्यावर घेऊन गेला. परत आला तेव्हा बैल लख्ख दिसत होते आणि त्याच्या काखेतून पाणी गळत होतं. काखेत लॅपटॉप होता. त्याच्या बिजागरीला हळद आणि लोणी चोळलं होतं, आणि बाजूच्या फटीत पुरणाचा घास भरवला होता.

रेवतीच्या हातातलं पुरण तसंच राहिलं. "दादा! हे काय केलंस?"

"दोघांना आंघोळ घालायची आन् चौघांना न्हाई? असला दुजाभाव मी करत न्हाई."

लॅपटॉप चालू होईना. रेवती चुलीपुढे बसून ढसाढसा रडली. महिपतीलाही वाईट वाटलं. चौघं जेवून झोपले असतील, असं त्यानं तिला समजावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वडापची जीप आली नाही, म्हणून महिपतीनंच गाडी जुंपली आणि बहिणीला तालुक्याला नेलं. स्पर्धा मंगल कार्यालयात होती. संयोजकांनी दया येऊन रेवतीला ऑफिसातला जुना लॅपटॉप दिला.

"किती हैत त्यात?" महिपतीनं हळूच विचारलं.

"दोनच," रेवती म्हणाली. "बाहेर बस. कशालाही हात लावू नको."

रेवती आत गेली आणि जिंकू लागली. दोन कोअरवर! सगळ्या तालुक्याच्या चार-चार कोअरवाल्यांना तिनं एकेक करून झोपवलं. शेवटचा एकच गडी उरला, तोही भिंतीआड लपलेला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आधी रंगवलेली शिंगं आली, मग हरण्या, मागोमाग चांद्या, झुलीसकट. वायरी पायांत गुंतल्या, टेबलं आडवी झाली, सगळे पडदे काळे पडले. चांद्यानं एक चार्जर चघळायला घेतला.

"रेवे, भिऊ नगंस!" महिपती ओरडला. "तुझ्यातले दोन आन् हे दोन. झाले चार. आन् आता एका छपराखाली हैत!"

फायनल रद्द झाली. संयोजक म्हणाले, टेबलं आणि वायरी नव्या आणू, मग पुन्हा घेऊ, तारीख कळवू. घरी येऊन रेवतीनं अण्णांचे पाय धरले. "तेवढं थांबा. मी जिंकत होते."

अण्णा थांबायला तयार नव्हते. सिमेंटवाल्यांना आजच होकार कळवायचा, असं त्यांनी ठरवलं. होकार कळवणं म्हणजे फारच मोठा व्यवहार. घरातला पुरुष गेला.

सिमेंटवाल्यांनी महिपतीला पाटावर बसवलं, पोहे दिले. मुलगा शेजारी लाजत बसला होता. त्याचे वडील म्हणाले, "पाव्हणं, आमचा होकारच आहे. मुलीची काही अपेक्षा असली तर मोकळेपणानं सांगा."

महिपतीनं पोह्यांची बशी खाली ठेवली. इतके दिवस ध्यानात ठेवलेलं सगळं त्याला बरोब्बर आठवलं.

त्यानं मुलाकडे बघून मान हलवली. "हे एकटं काय पुरायचं? तिचं दोनात भागत न्हाई. चार लागत्यात. आन् चारीबी एका छपराखाली."