बिदर की विजापूर?

"बिदर की विजापूर? बाबा, एकच नाव सांगा. रजेचे तीनच दिवस उरलेत माझे."

विश्वंभर गुंजाळनं नकाशा फकिराच्या पुढ्यात पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवले.

खैरूबाबाचा तकिया, म्हणजे फकिराचं बसायचं ठिकाण, नळदुर्गच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. तकिया कसला, चिंचेखाली चार पत्रे, एक चटई आणि पाण्याचा माठ. पण पुण्याचा हा प्राध्यापक बारा वर्षं तिथं येऊन बसायचा. दख्खनच्या शिलालेखांवरचं त्याचं जाडजूड पुस्तक नुकतंच आलं होतं. झिजून गुळगुळीत झालेल्या दगडावरचं अक्षरसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही, असं तो सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

या खेपेला त्याची आई बरोबर होती. गयाबाई. चटईच्या टोकाला, डोक्यावर पदर घेऊन, हात मांडीत ठेवून बसलेली.

"डॉक्टरांनी हात टेकलेत," विश्वंभर आवाज उतरवून म्हणाला. "हृदय थकलंय. फार तर चार महिने. जन्मभर औशात चूल फुंकत राहिली, तुळजापूरच्या पलीकडे गेली नाही. म्हटलं, जायच्या आधी सगळी दख्खन दाखवावी. अकरा शहरं काढली होती, पाच झाली. आता एकच जमेल. ते चुकायला नको, बाबा."

"माईंना विचारलंस?"

"तिला काय कळतंय त्यातलं! आई, बिदर की विजापूर?"

"तू म्हणशील तिथं, विसू."

"बघा!"

बाबा गयाबाईंकडे वळला. "आतापर्यंत काय आवडलं, माई?"

"पैठणला नदीचा वारा छान होता… आणि काल किल्ल्यात पाणी अंगावर उडालं. गार वाटलं."

विश्वंभर हसला. "एवढा नळदुर्गचा पाणीमहाल, आणि हिच्या लक्षात काय राहिलं तर शिंतोडे! पण धीट आहे हं. दौलताबादची अंधारी माहीत आहे ना तुम्हाला? शत्रूला चकवायची ती भुयारी वाट? तिथं मशालवाल्यानं गंमत म्हणून मशाल विझवली. अहो, बाप्ये किंचाळायला लागले. खोटं कशाला बोलू, मीही पुढच्याचा सदरा गच्च धरला. आणि ही? भिंतीला हात लावून सरळ चालत गेली, घरातल्या माजघरातून जावं तशी. आम्ही धडपडत बाहेर आलो, तर बाईसाहेब आधीच उभ्या!"

खैरूबाबाच्या हातातली माळ थांबली.

"मशाल विझल्यावर… ती थांबलीच नाही?"

"एक पाऊलसुद्धा नाही!"

बाबा अनवाणी पायांनी, चटईची काडी न वाजवता उठला आणि चिंचेच्या बुंध्यामागं जाऊन उभा राहिला.

विश्वंभर काही विचारणार, तोच बाबानं ओठांवर बोट ठेवलं.

गयाबाई रिकाम्या चटईकडे तोंड करून हळू आवाजात बोलू लागल्या.

"बाबा, तुम्हीच विजापूर म्हणा. गोलघुमटाचं त्याला लहानपणापासून वेड. मला काय, कुठंही चालतं. त्याचं मन मोडू नका."

त्या उत्तराची वाट बघत थांबल्या. रिकाम्या चटईकडे बघून हसल्या.

"बाबा?…"

विश्वंभरच्या हाताच्या धक्क्यानं खडे घरंगळले. नकाशा वाऱ्यावर गेला तो गेलाच, कुणी उठलं नाही.

पाच शहरांच्या पायऱ्यांवर तिनं त्याचा खांदा धरला होता. त्याला वाटलं होतं, गुडघे दुखतात.

"आई… कधीपासून?"

गयाबाईंचं हसू मावळलं. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांनी पदर पुढं ओढला.

"पोळ्याला बैल धूसर दिसले. दसऱ्यापासून सगळं बंद."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले होते की. श्रावणात, फोनवर. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हटलं. दोनदा म्हटलं. तू म्हणालास, पुस्तक छापून होऊ दे, मग येतो न्यायला."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, त्याला वाटलं.

"मग शेजारच्या कौसल्येबरोबर लातूरला जाऊन आले. काचबिंदू, म्हणाले. महिनाभर आधी आणलं असतं तर… जाऊ दे. गेलं ते गेलं."

"पण मग मी एवढं दाखवत होतो… हा खांब बघ, ती कमान बघ… तू मान का डोलवत होतीस?"

"तू बोलत होतास ना, बाळा. उभ्या जन्मात एवढं कधी बोललास माझ्याशी?"

विश्वंभरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पन्नाशीचा बाप्या, ढसाढसा रडला. गयाबाईंनी त्याला शोधायला हात पुढं केला. तो हात चटईवर चाचपडत राहिला, दगडावरची अक्षरं विश्वंभर चाचपायचा तसा. बाबानं पुढं होऊन तो त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवला नाही. नुसता बघत राहिला.

शेवटी तो हात आपला आपण पोचला.

विश्वंभरनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"बाबा," विश्वंभर म्हणाला. "तीन दिवस आहेत माझ्याकडे. आता कुठं नेऊ हिला?"

"तू नेणार?…"

खैरूबाबानं माठातलं पाणी आणून आधी माईंच्या हातात दिलं.

"दौलताबादला परत जा. मशालवाल्याला बाहेरच थांबव. आणि माईचं बोट धर."